मामाचा सवाल

परवा नातू आला होता. कानात ती पांढरी बोंडं घालून तासभर झोपाळ्यावर बसला होता आणि मधूनच एकटाच हसत होता. विचारलं, "काय ऐकतोस रे?" म्हणाला, "आजोबा, पॉडकास्ट आहे. दोघं जण गप्पा मारतात. अर्धा वेळ तत्त्वज्ञान, अर्धा वेळ गाणी कशी लिहायची ते. कुणीही ऐकावं असं, अगदी सोपं." मग जरा थांबून म्हणाला, "आपल्याकडे असं काही नव्हतं ना?"

मंडळी, त्या "नव्हतं ना?"ने माझी झोप उडाली. नव्हतं कसं? मी तर त्याच्यातच वाढलो. आणि त्यातलं एक प्रकरण असं आहे, की ते आठवलं की आज चौऱ्याहत्तराव्या वर्षीही मला माझीच लाज वाटते. नातवाला थोडंसं सांगितलं. बाकीचं इथे लिहून ठेवतो. घरातली तरुण मंडळी वाचतील तेव्हा वाचतील.

आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात. गणपतीत चाकरमानी आले की रात्री खळ्यात जाखडी. मध्ये ढोलकी, झांज आणि गाणारे बसलेले, भोवती पायात घुंगरू बांधलेले नाचणारे गोल फिरताहेत. हौसेचा नाच म्हणून बघणारे पुष्कळ असत, पण म्हातारी माणसं पहाटेपर्यंत बसत ती नाचासाठी नव्हे. ती बसत सवाल-जवाब ऐकायला. एका बाजूला शक्तीवाले, दुसऱ्या बाजूला तुरेवाले. शक्तीवाल्यांचं म्हणणं, प्रकृती थोर, माया थोर, तीच सगळं घडवते. तुरेवाल्यांचं म्हणणं, पुरुष थोर, शिव थोर, त्याच्याशिवाय ती काय करणार? गण झाला, गवळण झाली की एकाने गाण्यातून सवाल टाकायचा आणि दुसऱ्याने गाण्यातूनच उत्तर द्यायचं. उत्तर आलं नाही तर हार.

घाटावर यालाच कलगी-तुरा म्हणतात. कलगी म्हणजे शक्तीचा पक्ष. कलगी आणि तुरा हे दोन्ही पागोट्यावरचे दागिने. याची एक आख्यायिका उत्तरेत, माळव्या-राजस्थानाकडे सांगतात. तुकनगीर नावाचे गोसावी आणि शाहअली नावाचे फकीर यांच्यात शिव मोठा की शक्ती मोठी यावर गाण्यातून वाद रंगला. ऐकणारा राजा इतका खूश झाला, की आपल्या पगडीवरचा तुरा त्याने एकाला दिला आणि कलगी दुसऱ्याला. खरंखोटं देव जाणे. पण गोसावी आणि फकीर समोरासमोर बसून ब्रह्म आणि माया यांवर गाताहेत, आणि राजा दोघांनाही बक्षीस देतो आहे, ही कल्पना लोकांना शेकडो मैलांवर आवडली आणि टिकली, हेच मला महत्त्वाचं वाटतं.

पेशवाईत आपल्याकडे शाहिरी भरात आली. त्या शाहिरांच्या शृंगारिक लावण्यांविषयी आपण पुष्कळ वाचतो. पण त्याच मंडळींनी आध्यात्मिक आणि भेदिक रचनाही केल्या. भेदिक म्हणजे ज्यातला भेद, ज्यातलं गूढ समोरच्याने उकलायचं. हे शाहीर होते तरी कोण? होनाजी गवळी, परशराम शिंपी, सगनभाऊ शिकलगार, म्हणजे तलवारींना धार लावणारा मुसलमान. त्यांच्याबरोबरच संगमनेरचे अनंत फंदी आणि सोलापूरचे रामजोशी हे ब्राह्मण. दूध घालणारा, कपडे शिवणारा आणि हत्यारं परजणारा माणूस आत्मा आणि माया यांवर रचना करत होता, आणि ती ऐकायला बसलेल्यांत बहुतेकांना अक्षरओळखही नव्हती. शहरातल्या लोकांना हा सवाल-जवाब पुढे सिनेमाने दाखवला. १९४७ सालचा 'लोकशाहीर रामजोशी' आमच्या पिढीतल्या कित्येकांना त्यासाठीच आठवतो.

आता कुणी म्हणेल, कीर्तन होतंच की. होतं, आणि त्याचं ऋण मी कसं विसरेन? एक अभंग घ्यायचा आणि दोन तास तो उलगडायचा, मध्येमध्ये गायचं, ही शाळा फार मोठी. पण तिथे बोलणारा एक आणि ऐकणारे सगळे. समोरून उलटा प्रश्न यायचा नाही. याला मोठा अपवाद गाडगेबाबांचा (१८७६–१९५६). ते लोकांनाच प्रश्न विचारायचे आणि लोकांच्याच तोंडून उत्तर वदवून घ्यायचे. कलगी-तुऱ्यात मात्र समोर प्रतिपक्षच बसलेला असतो. बुवा बोलले आणि आपण मान डोलावली, हे तिथे चालत नाही.

प्रश्न विचारायची ही सवय पुढे मोठ्या कामालाही आली. सत्यशोधक समाज स्थापन झाला १८७३ साली. त्या चळवळीचे जलसे निघाले आणि पुढे आंबेडकरी जलसे निघाले, भीमराव कर्डकांसारख्यांचे. त्यांनी तमाशाचाच साचा घेतला, गाणी आणि संवाद तेच ठेवले, पण सवाल बदलला. शिव थोर की शक्ती, याऐवजी हा माणूस थोर आणि तो नीच हे कुणी ठरवलं, असं ते विचारू लागले. ऐकणाऱ्याला गाण्यातला सवाल पेलता येतो हे तोवर सिद्ध झालेलं होतं.

असो. आता मामाकडे येतो.

माझा मामा चौथी पास. मुंबईत परळला गिरणीत साचेखात्यात होता. गावकीच्या खोलीत वीस-पंचवीस जणांबरोबर राहायचा. मामी गावाला. दोन बैल, चार मुलं, भाताची खाचरं आणि महिन्याची मनीऑर्डर. कोकणात तेव्हा बहुतेक घरं अशीच चालत.

मामा शक्तीवाला शाहीर होता. स्वतः रचायचा. साच्यांच्या खडखडाटात शेजारच्याचंही बोलणं ऐकू येत नसे, म्हणून तिथे मोठ्याने म्हणून बघता येतं, असं तो सांगायचा. जुळलेलं कडवं सुटी झाल्यावर वहीत उतरायचं. निळ्या पुठ्ठ्याची लांबट वही होती, हिशेबाची. सुट्टीला आला की पडवीत मला शेजारी बसवायचा आणि नवं काय केलंय ते वाचून दाखवायचा. मी दहा-बारा वर्षांचा असेन. गाणं कसं करावं याविषयी त्याने तेव्हा जे सांगितलं, ते मला पुढे कुठल्याही पुस्तकात इतकं सोपं करून सापडलं नाही.

म्हणायचा, "चाल लोकांच्या तोंडातली घ्यावी. नवी चाल आणि नवा विचार एकदम दिला, तर माणूस दोन्ही टाकून देतो." म्हणून तो सिनेमाच्या चाली बिनदिक्कत उचलायचा. "एका कडव्यात एकच गोष्ट. दोन गोष्टी आल्या की ढोलकीवाला चुकतो आणि ऐकणाराही चुकतो." आणि सर्वांत महत्त्वाचं सांगताना बोट वर करायचा. "आधी जवाब करायचा, मग सवाल. ज्याचा जवाब आपल्यापाशी नाही तो सवाल रिंगणात टाकायचा नाही. ती लबाडी."

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा.

१९७१ साली मी बी.ए. झालो. मराठी माध्यम, तत्त्वज्ञान विषय. आमच्या वाडीतला पहिला पदवीधर. त्या गणपतीत मी गावाला गेलो तेव्हा माझे पाय जमिनीला टेकत नव्हते. सांख्य, वेदान्त, न्याय, सगळं ताजं होतं.

सांख्यांविषयी दोन शब्द सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. सांख्यांच्या मते जगाच्या मुळाशी दोन तत्त्वं, पुरुष आणि प्रकृती. पुरुष नुसता पाहतो, करत काहीच नाही. प्रकृती सगळं करते, पण तिला जाणीव नाही. मग या दोघांचं जमतं कसं? ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत यासाठी पांगळ्या-आंधळ्याचा दृष्टान्त आहे. टीकाकार तो उलगडून सांगतात. पांगळ्याला दिसतं पण चालता येत नाही, आंधळ्याला चालता येतं पण दिसत नाही. पांगळा आंधळ्याच्या खांद्यावर बसतो, वाट दाखवतो, आणि दोघं रानातून बाहेर पडतात. पुरुष पांगळा, प्रकृती आंधळी. हा ग्रंथ सहाव्या शतकात परमार्थ नावाच्या पंडिताने चिनी भाषेत नेला. चीनला तो पोथीतून गेला आणि आमच्या वाडीत गाण्यातून आला, एवढाच फरक.

त्या रात्री पलीकडच्या गावचे तुरेवाले आले होते. त्यांचा बुवा नावाजलेला. दोन वाजून गेले असतील. मामाने सवाल टाकला. गाण्याचे शब्द आता मला आठवत नाहीत, अर्थ पक्का आठवतो. पांगळा खांद्यावर बसला आणि आंधळीला वाट दाखवली, असं तुम्ही म्हणता. पांगळा निदान तोंडाने सांगतो तरी, डावीकडे वळ, उजवीकडे वळ. पण तुमचा पुरुष तर काहीच करत नाही. बोलणं हीसुद्धा एक करणीच. मग न बोलता त्याने तिला वाट दाखवली कशी?

रिंगण गप्प झालं. तुऱ्याच्या बुवाने वेळ मागून घेतली. चहाची सुटी झाली. मामी आतून किटली घेऊन आली. त्या रात्री चाळीसेक माणसांचा चहा तिनेच केला होता, तोही दिवसभर राबून. कुणीतरी तिची थट्टा केली, "वहिनी, आज तुमचीच बाजू वर आहे हां! आंधळी जिंकतेय." मामी कप भरता भरता म्हणाली, "आंधळी कोणी म्हटलं तिला?" सगळे हसले. मीही हसलो. ती किटली घेऊन आत गेली.

आणि मग मी तोंड उघडलं. तुऱ्याचा बुवा समोर बसला होता, गावचे मानकरी होते. मी म्हणालो, "मामा, हा सवालच चुकीचा आहे. हा नुसता दृष्टान्त आहे. सांख्यकारिकेत आहे तो. दृष्टान्त असा ताणायचा नसतो. शास्त्र शिकलेला माणूस असा प्रश्न विचारणार नाही."

तुऱ्याच्या बुवाने ते तिथेच झेललं. "ऐका! शाहिराचा सख्खा भाचा, बी.ए. झालेला, तोच सांगतोय सवाल चुकीचा!" पंचांनी माना हलवल्या. सवाल बाद झाला. जवाब गायची वेळ कुणावर आलीच नाही, मामावरसुद्धा नाही. सकाळी तुरेवाले नारळ घेऊन गेले.

मामा रागावला नाही. वही पिशवीत ठेवताना एवढंच म्हणाला, "शिकलास ते बरं झालं." त्यानंतर त्याने मला कधीही गाणं वाचून दाखवलं नाही. मीही विचारलं नाही. मी शाळेत लागलो, तासांवर तास घेतले, मुलांना "प्रश्न विचारा, प्रश्न विचारा" असं चौतीस वर्षं सांगितलं.

१९८२च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. मामाची गिरणी पुन्हा उघडली नाही. तो गावी परतला तेव्हा त्याच्यातला शाहीर मुंबईतच राहिल्यासारखा झाला होता. रात्री पडवीत बसून तंबाखू मळायचा. लोक म्हणायचे, "बुवा, म्हणा काहीतरी." तो म्हणायचा, "आवाज नाही राहिला." काही वर्षांनी तो गेला. वहीची आठवण मला त्याच्या बाराव्याला झाली. मामीने फळीवरची पेटी काढली. वाळवीने वहीची माती केली होती. निळा पुठ्ठा तेवढा शिल्लक होता.

निवृत्त झाल्यावर वेळ होता म्हणून शांकरभाष्य मराठी भाषांतरातून नीट वाचायला घेतलं. कॉलेजात परीक्षेपुरतं वाचलं होतं. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात, जिथे आचार्य सांख्यांचं खंडन करतात, तिथे आलो आणि हातातला चष्मा खाली ठेवला. पांगळ्या-आंधळ्याचा दृष्टान्त समोर ठेवून शंकराचार्य विचारतात ते असं, की पांगळा आंधळ्याला बोलून वगैरे प्रवृत्त करू शकतो, पण तुमचा पुरुष तर निष्क्रिय आणि निर्गुण, तो प्रकृतीला प्रवृत्त करणार तरी कसा?

हा मामाचाच सवाल होता. जसाच्या तसा. ज्याला मी गावासमोर "शास्त्र शिकलेला माणूस असं विचारणार नाही" म्हटलं, तो प्रश्न आदि शंकराचार्यांनी हजार-बाराशे वर्षांपूर्वी विचारून ठेवला होता.

मामाला तो कुठून मिळाला? शाहिरांच्या गुरुपरंपरेत एकाकडून दुसऱ्याकडे आला असेल. कुणा कीर्तनकाराच्या तोंडून ऐकला असेल. किंवा साच्यासमोर बारा-बारा तास उभं राहून त्याने स्वतःच शोधला असेल. विचारायला तो आता नाही. पण त्याहून मला लागून राहिलं ते वेगळंच. मामाचा नियम होता, आधी जवाब, मग सवाल. म्हणजे जवाब तयार होता! निळ्या वहीत लिहिलेला होता. त्या रात्री मी तोंड उघडलं नसतं, तर तुरेवाला हरल्यावर मामाने तो गायला असता आणि आम्हा सगळ्यांना कळला असता. मी एक सवाल बाद केला असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात मी एक जवाब कायमचा घालवला.

तो काय असेल याचा मी पुष्कळ विचार केला आहे. ज्ञानेश्वरांच्या अमृतानुभवाचं पहिलंच प्रकरण शिव-शक्तीच्या ऐक्याचं आहे. तिथे ती दोघं वेगळी नाहीतच, त्यामुळे कुणी कुणाला खांद्यावर घ्यायचा प्रश्नच उरत नाही. मामाचा जवाब त्या वाटेने गेला असेल का? पण तो शक्तीवाला. "दोघं एकच" म्हणून तो सामना बरोबरीत सोडणारा नव्हता.

कोकणात शक्ती-तुरा अजून चालू आहे. मुंबईत नाट्यगृहांतसुद्धा सामने होतात, आणि आता स्त्रियाही शाहीर म्हणून उभ्या राहतात. आमच्या वाडीतला एक तरुण शाहीर आहे, शक्तीवाला, पोटासाठी चिपळूणला नोकरी करतो. गेल्या गणपतीत त्याला मी मामाचा सवाल सांगितला, मामाच्या नावासकट. त्याचे डोळे चमकले. लगेच म्हणाला, "गुरुजी, जवाब काय?"

तोही त्याच शाळेतला!

मी म्हटलं, जवाब हरवला आहे, माझ्यामुळे. सगळी हकीकत सांगितली. शंकराचार्य सांगितले, अमृतानुभव सांगितला. तो शांतपणे ऐकत होता. मग सहज म्हणून चहाच्या सुटीतलं मामीचं बोलणं सांगितलं, तर तो ताडकन उठला. "गुरुजी, हाच तर जवाब! ती आंधळी नव्हतीच. तिला वाट ठाऊक होती. खांद्यावर बसलेल्याला वाटत होतं की आपण वाट दाखवतोय."

मी गप्प झालो. सांख्य, वेदान्त सगळं वाचून मला हे सुचलं नव्हतं. ज्या घरात नवरा मुंबईला आणि सगळी खाचरं बाई पाहते, त्या घरातल्या बाईला ते किटली हातात धरून सुचलं होतं. आणि आम्ही हसलो होतो. मामा हसला होता का, हे मी फार आठवून पाहतो. मला वाटतं तो नव्हता हसला. पण हे माझ्या मनाचे खेळही असतील.

शास्त्री याला उत्तर म्हणणार नाहीत हे मला ठाऊक आहे. सांख्य तर मुळीच मानणार नाहीत. पण रिंगणात ते उभं राहील, आणि मग तुरेवाल्याला त्याच्यापुढे काहीतरी शोधावं लागेल. प्रश्न असाच पुढे जातो.

पोराने गाणं केलं आहे. चाल एका अलीकडच्या सिनेमातली घेतली आहे, मामाच्या नियमाप्रमाणे. शेवटच्या कडव्यात कवीचं नाव घालायची रीत असते. त्याने फोन करून विचारलं, "गुरुजी, नाव कोणाचं घालू? तुमचं की मामांचं?"

मी म्हटलं, सवालात मामाचं घाल, जवाबात मामीचं.

नातवाला म्हटलंय, यंदा गणपतीला ये आणि ती बोंडं घरी ठेव. तुमच्यापैकी कुणाच्या घरात अशी एखादी निळी वही असेल, तर कृपा करून आजच काढून बघा. वाळवी वाट पाहत नाही.